तलफ आणि डाव यांच्यामधली वीस मिनिटे: जुगाराच्या नादातून सुटू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी

निकाल लागला, वाटले होते त्यापेक्षा कमी गुण पडले. खोलीत एकटे बसवत नाही, कुणाला फोन करावासाही वाटत नाही, आणि हात आपोआप बेटिंगच्या ॲपकडे जातो. पुढचा तासभर निकालाची आठवणही राहत नाही. विद्यापीठात शिकणाऱ्या कितीतरी मुलामुलींचा जुगार या एका तासासाठी चाललेला असतो. पैसे जिंकायचे असतातच, पण त्याहून जास्त हवी असते ती मनातली घालमेल थांबणे. म्हणून "पैसे घालवशील, सोड हे" असे कितीही सांगितले तरी ते आत पोचत नाही. ॲप काढून टाकले तरी घालमेल जागच्या जागी राहते, आणि दोन दिवसांत दुसरे ॲप शोधायला लावते.

उलट बाजूनेही तेच होते. मन शांत ठेवायचे सगळे उपाय शिकून घेतले, पण खात्यात पैसे पडून आहेत, ॲप उघडे आहे आणि मित्रांच्या गटात दर तासाला 'टिप' येते आहे, तर श्वासाचे व्यायाम फार काळ पुरत नाहीत. दोन्ही कामे एकदम हाती घ्यावी लागतात: डावापर्यंत पोचण्याची वाट लांब करणे, आणि भावना हाताळायची दुसरी रीत शिकणे. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत.

आधी मोजून घ्या

'मला नाद लागला आहे का?' हा प्रश्न मनातल्या मनात विचारला तर उत्तर त्या दिवशीच्या हारजितीवर ठरते. त्यापेक्षा प्रश्नावली बरी. जगभर वापरली जाणारी 'पीजीएसआय' (प्रॉब्लेम गॅम्बलिंग सिव्हिरिटी इंडेक्स, म्हणजे जुगाराच्या समस्येची तीव्रता मोजणारी) ही मोजपट्टी ९ प्रश्नांची आहे. मागचे १२ महिने डोळ्यांसमोर ठेवून प्रत्येकाला गुण द्यायचे: कधीच नाही ०, कधी कधी १, बहुतेक वेळा २, जवळजवळ नेहमी ३. प्रश्न साधारण असे:

हरलो तर झेपणार नाही इतके पैसे लावले का? तीच मजा यायला आता जास्त रक्कम लावावी लागते का? गेलेले पैसे वसूल करायला दुसऱ्या दिवशी परत खेळलात का? खेळण्यासाठी उसने घेतले किंवा वस्तू विकली का? आपले काही चुकते आहे असे वाटले का? ताण किंवा इतर त्रास झाला का? कुणी टोकले का? पैशांची अडचण झाली का? खेळल्याबद्दल अपराधी वाटले का?

बेरीज ० आली तर या मोजपट्टीनुसार अडचण नाही, १–२ म्हणजे कमी धोका, ३–७ मध्यम, आणि ८ किंवा अधिक असेल तर समस्या जडली आहे असे धरतात.

विद्यार्थी इथे दोन ठिकाणी फसतात. पहिले, 'झेपणार नाही इतके' याचा अर्थ ते घरून आलेल्या पैशांवरून लावतात. शुल्कासाठी आलेले पैसे आठवडाभर खात्यात होते म्हणून ते 'आपले' होते असे नाही. दुसरे, या ९ प्रश्नांत एक महत्त्वाचा प्रश्न थेट येत नाही: मन अस्वस्थ असताना खेळता का? अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये काढलेल्या डीएसएम-५ या निदानग्रंथात जुगाराच्या विकाराची ९ लक्षणे आहेत, आणि त्रासात, अपराधी भावनेत, चिंतेत किंवा खिन्नतेत जुगार खेळणे हे त्यातले एक आहे. १२ महिन्यांत ४ लक्षणे दिसली की निदान होते. ४–५ सौम्य, ६–७ मध्यम, ८–९ तीव्र. याच आवृत्तीत जुगार 'आवेगाच्या विकारां'तून काढून दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनांशेजारी ठेवला गेला. तेव्हा हा इच्छाशक्तीचा किंवा संस्कारांचा प्रश्न आहे असे कुणी म्हणत असेल, तर तो समज वैद्यकशास्त्राने मागे टाकलेला आहे.

बेरीज १–२ असेल तर रकमेची आणि वेळेची ठाम मर्यादा घालून पाहता येईल. ८ किंवा अधिक असेल, किंवा एकदाही उसने घेऊन खेळला असाल, तर मर्यादेच्या भानगडीत पडू नका, पूर्ण थांबा. मर्यादा पाळायला जी ताकद लागते, तीच या अवस्थेत दुबळी झालेली असते. मधल्या गुणांत असलेल्यांनीही निदान ९० दिवस पूर्ण थांबून मग ठरवावे.

भावना आणि डाव यांची गाठ कशी बसते

डाव चालू असताना त्रास थांबतो. मेंदू एवढेच टिपून ठेवतो: हे केले की दुखणे थांबते. जिंकलात की हरलात, हा प्रश्न त्यापुढे दुय्यम राहतो. त्यात बक्षीस कधी मिळेल याचा नेम नसतो, आणि अनियमित बक्षिसाने जडलेली सवय मोडायला सर्वांत अवघड असते, हे बी. एफ. स्किनर यांच्या प्राण्यांवरील प्रयोगांपासून माहीत आहे. थोडक्यात हुकलेला डाव ही हारच असते, पण मेंदूतील जिंकल्यावर जागे होणारे काही भाग त्यानेही जागे होतात. मशीनवर १०० लावून ३० परत आले तरी दिवे लागतात, गाणे वाजते. खरे तर ७० गेलेले असतात.

सगळेच दुःखामुळे खेळत नाहीत. अलेक्स ब्लाझचिन्स्की आणि लिया नॉवर यांनी २००२ मध्ये जुगाराच्या समस्येकडे जाणाऱ्या तीन वाटा मांडल्या. काही जण सवयीने आणि चुकीच्या हिशेबाने अडकतात. काहींना आधीपासून चिंता, खिन्नता किंवा जुन्या आघाताचे ओझे असते. आणि काहींचा स्वभाव मुळात फार आवेगी असतो, तो जुगारापुरता मर्यादित राहत नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या वाटेवरच्यांना केवळ आकडेवारी समजावून काही होत नाही.

अजून एक गोष्ट बहुतेक सल्ल्यांतून सुटते: आनंदही तितकाच धोक्याचा. परीक्षा संपली, संघ जिंकला, नोकरीचे पत्र आले, की 'आज नशीब आपले आहे' या भरात मोठा डाव लागतो. भरात येऊन कृती करण्याची ही प्रवृत्ती आणि विद्यार्थ्यांतील जुगार यांचा संबंध संशोधनात दिसलेला आहे. फक्त वाईट दिवसांची तयारी केलेला माणूस चांगल्या दिवशी घसरतो, आणि मग 'मी तर खूश होतो, तरी असे का केले?' म्हणून गोंधळतो.

पायरी १: चौदा दिवसांची नोंद

साधी वही किंवा मोबाइलमधली एक नोंद पुरे. तलफ आली की, खेळलात किंवा नाही तरी, एक ओळ लिहायची. त्यात नऊ गोष्टी: वेळ, कुठे आणि कोणाबरोबर, आधीच्या तासाभरात काय घडले, भावनेचे नाव, तिची तीव्रता ० ते १०, शरीरात ती कुठे जाणवली, खेळलात का, किती लावले, आणि एका तासानंतर कसे वाटले. उदाहरणार्थ:

'रात्री ११.४०, खोलीत एकटा, गटातल्या प्रकल्पातून माझा भाग काढला असे कळले, अपमान ८, जबडा आवळलेला, खेळलो, महिन्याच्या खर्चाचा पाचवा हिस्सा गेला, तासाभराने अपमान ६ आणि वर लाज ९.'

या एका ओळीत सगळे आहे. डावाने अपमान दोन अंकांनी उतरवला आणि त्याच्यावर नऊ अंकांची लाज चढवली. असे दहा वेळा स्वतःच्या अक्षरात दिसले की जो फरक पडतो, तो कुणाच्या उपदेशाने पडत नाही.

नोंद बिघडते ती ठरलेल्या कारणांनी. रात्री झोपताना आठवून लिहिले तर तीव्रता चुकते, कारण तोवर भावना ओसरलेली असते. 'टेन्शन' हा एकच शब्द सगळीकडे लिहिला तर नोंदीचा उपयोग शून्य. भीती, एकटेपणा, मत्सर, कंटाळा, अपमान, ओशाळणे, हुरहुर, राग यांतले नेमके काय, ते शोधा. भावनेला नेमके नाव दिल्यानेच तिची धार थोडी कमी होते, हे मेंदूच्या अभ्यासांतही दिसले आहे. आणि न खेळलेल्या तलफा गाळू नका. त्या वेळी काय कामी आले, हे तिथेच सापडते.

चौदा दिवसांनी वही समोर घेऊन आपली कच्ची बाजू शोधा. किम ग्रात्झ आणि लिझाबेथ रोमर यांनी २००४ मध्ये भावना सांभाळण्यातल्या अडचणींचे सहा प्रकार मांडले: आपल्याला असे वाटतेच कसे म्हणून स्वतःवर चिडणे, अस्वस्थ असताना हातातले काम पुढे न सरकणे, आवेग न आवरणे, भावनेकडे लक्षच नसणे, नेमके काय वाटते ते न कळणे, आणि आता यावर काही उपायच नाही असे वाटणे. ज्याला नाव सुचत नाही त्याने दोन आठवडे नुसते नाव देण्याचा सराव करावा. ज्याला नाव कळते पण हात थांबत नाही, त्याने पायरी २ वर जोर द्यावा.

पायरी २: डावाची वाट लांब करा

हे काम मन शांत असताना, शक्यतो सकाळी, एका बैठकीत उरकायचे. दीड-दोन तास लागतात. नोंदीचे चौदा दिवस पुरे होण्याची वाट पाहू नका, ते आजच करा. भावना मूळ धरण्याआधी प्रसंगच टाळणे, हे ती उसळल्यावर दाबण्यापेक्षा फार कमी कष्टाचे असते. भावनांच्या नियमनाचे जेम्स ग्रॉस यांचे प्रारूप हाच क्रम सांगते: प्रसंग निवडणे, प्रसंग बदलणे, लक्ष वळवणे, अर्थ बदलणे, आणि सर्वांत शेवटी प्रतिक्रिया आवरणे. बहुतेक जण थेट शेवटच्या टप्प्यावर झुंजतात आणि हरतात.

१. बेटिंगच्या प्रत्येक खात्यातली शिल्लक काढून घ्या. पैसे बँकेत पोचायला वेळ लागतो, आणि तोवर ती मागणी रद्द करून पुन्हा खेळण्याची सोय अनेक ठिकाणी असते. घसरण नेमकी इथे होते. म्हणून पासवर्ड विश्वासू माणसाला बदलायला लावा आणि पैसे पोचेपर्यंत त्याच्याकडेच ठेवा.

२. स्वतःहून बंदी घाला. बहुतेक अधिकृत संकेतस्थळांवर 'मला खेळू देऊ नका' अशी नोंदणी करता येते, आणि काही देशांत एकाच नोंदणीने सगळीकडे बंदी लागते. मुदत विचारली तर मिळेल ती सर्वांत लांब निवडा. '२४ तासांचा विराम' हा पर्याय या कामाचा नाही.

३. मोबाइल, लॅपटॉप, टॅब, सगळ्यांवर अडवणारे सॉफ्टवेअर टाका. बेटब्लॉकर मोफत आहे, गॅमबॅन पैसे देऊन मिळते. एक उपकरण सुटले की झाले, पुढच्या तलफेला तेच हातात येते. जुना मोबाइल कपाटात असेल तर त्यावरही टाका.

४. बँकेत किंवा कार्डाच्या ॲपमध्ये जुगाराचे व्यवहार रोखण्याची सोय असेल तर ती सुरू करा. नसेल तर ऑनलाइन व्यवहाराची दैनंदिन मर्यादा खाली आणा आणि साठवलेले कार्ड सगळीकडून काढा.

५. सूचना, ईमेल, जाहिराती, टिप देणारे गट, थेट डाव दाखवणाऱ्या वाहिन्या: सगळे बंद. गटातून बाहेर पडताना कारण द्यायची गरज नाही.

'एकच शेवटचा डाव, गेलेले निघाले की मग बंदी' असे मनात आले तर ते नोंदवहीत लिहा आणि बंदीचे बटण आधी दाबा. हा विचार जवळजवळ प्रत्येकाला येतो.

पैशांचा ताबा ९० दिवस दुसऱ्याकडे देणे हा सर्वांत कठीण आणि माझ्या मते सर्वांत उपयोगी भाग. घरचे, मोठे भावंड, समजूतदार मित्र, कुणीही चालेल. आठवड्याचे पैसे आठवड्याला घ्यायचे, एकरकमी नाही.

पायरी ३: ती वीस मिनिटे

तलफ चढते, शिखरावर जाते आणि खतपाणी मिळाले नाही तर ओसरू लागते. बहुतेकदा २० ते ३० मिनिटांत. व्यसनांवर काम करणारे मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लॅट यांनी तिला लाटेची उपमा दिली: लाट अडवायची नसते, तिच्यावर तरंगायचे असते. ते प्रत्यक्षात असे करतात.

पहिली दोन मिनिटे: उभे राहा. मोबाइल दुसऱ्या खोलीत किंवा दुसऱ्याच्या हाती. पलंगावर पडून राहून तलफेशी झुंजता येत नाही.

पुढची दोन: भावनेचे नाव आणि आकडा मोठ्याने म्हणा. 'लाज, ८, छातीवर दडपण.'

आकडा ७ किंवा वर असेल तर आधी शरीर. भांड्यात थंड पाणी घ्या, साधारण १० ते १५ अंश सेल्सिअस, म्हणजे बोचेल पण सोसेल असे. श्वास रोखून डोळे आणि गाल बुडतील इतका चेहरा १५ ते ३० सेकंद पाण्यात ठेवा, मग बाहेर काढून श्वास घ्या. दोन-तीन वेळा. थंड पाण्याने पाणबुड्या प्राण्यांसारखी प्रतिक्रिया जागी होऊन हृदयाची गती खाली येते. हृदयाचा आजार, मुळात मंद नाडी किंवा खाण्याचा विकार असेल तर हे करू नका. त्याऐवजी पाच मिनिटे भरभर जिने चढा किंवा चाला, तेही डॉक्टरांनी मना केलेले नसेल तरच.

मग पाच मिनिटे श्वास: ४ आकडे आत, ६ आकडे बाहेर. मिनिटाला साधारण सहा श्वास होतात. बाहेर जाणारा श्वास लांब हवा, एवढेच महत्त्वाचे.

उरलेली दहा मिनिटे लाट पाहा. तलफ शरीरात कुठे आहे, बोटांत, पोटात, घशात? गरम की ताठ? दर तीन मिनिटांनी आकडा सांगा. ८, ८, ७, ८, ५. मध्येच आकडा वर गेला म्हणजे पद्धत फसली असे नव्हे, लाट एका रेषेत उतरत नाही.

वीस मिनिटांनंतर हात आणि डोळे दोन्ही गुंतवणारे काम घ्या, किंवा ठरलेल्या माणसाला फोन करा. नुसता व्हिडिओ पाहणे पुरत नाही, त्यात हात मोकळे राहतात.

हे फसते ते बहुधा तीन कारणांनी. तलफ चालू असताना 'नुसता स्कोअर बघतो' म्हणून स्क्रीन उघडली जाते; म्हणजे तेच खतपाणी. किंवा 'विचारच आणायचा नाही' असा अट्टहास केला जातो, आणि दाबलेला विचार दुप्पट जोराने येतो. तिसरे कारण सर्वांत साधे: पहिला प्रयत्नच नऊच्या तलफेवर होतो. पोहायला कुणी पुरात शिकत नाही. रोज दोनदा, मन बरे असताना, दहा मिनिटे सराव करा. आधी बारीकसारीक गोष्टींवर वापरा: रांगेत चिडचिड झाली, कुणी उत्तर दिले नाही.

शेवटी दोन-तीन 'जर–तर' वाक्ये लिहून भिंतीला लावा. 'रात्री अकरानंतर खोलीत एकटा असलो आणि हात मोबाइलकडे गेला, तर मी चप्पल घालून खाली जाईन.' 'मी स्वतःला आवरेन' असल्या मोघम निश्चयापेक्षा वेळ, जागा आणि कृती ठरलेला बेत जास्त पाळला जातो, हे पीटर गोल्विट्झर यांच्या संशोधनाने चांगले दाखवले आहे.

पायरी ४: भावनेनुसार उपाय

डोके चालवून विचार तपासायचे ते आकडा ५ च्या खाली आल्यावर. त्याआधी केलेला विचार डावाच्या बाजूने वकिली करतो.

लाज ही सर्वांत चिवट. ती लपायला लावते, लपल्याने एकटेपण येते, एकटेपणात डाव लागतो, आणि लाज वाढते. हे चक्र एकाच ठिकाणी तुटते: एका माणसाला सांगितल्यावर. लांबलचक कबुली नको. 'मला जुगाराचा त्रास होतो आहे. पैसे मागत नाही. आठवड्यातून दोनदा तू मला विचारत जा, एवढीच मदत हवी.' इतके पुरे. पैसे मागत नाही हे सुरुवातीलाच सांगितले की समोरचा माणूस नीट ऐकतो. रक्कम सांगायची असेल तर पूर्ण सांगा. अर्धी सांगितली की उरलेली अर्धी नवीन गुपित होते, आणि ते गुपित पुन्हा डावाकडे ढकलते.

कंटाळा क्षुल्लक वाटतो, पण नोंदवह्यांत तो सतत दिसतो. दोन तासिकांमधली रिकामी वेळ, सुट्टीच्या दिवशीची दुपार. मन इथे तीव्रता मागत असते, म्हणून 'शांत संगीत ऐका' लागू पडत नाही. दमवणारा खेळ, लोकांसमोर करायचे काम, कठीण काहीतरी शिकणे असे चढ असलेले काही तिथे बसवा, आणि तेही त्या वेळेला आधीच ठरवलेले.

राग बहुधा हरल्यावर येतो आणि 'वसूल केल्याशिवाय उठणार नाही' असे बोलतो. त्या क्षणी शरीराला हालवल्याशिवाय दुसरे काही चालत नाही.

आनंदासाठी आधी बेत करा. निकालाच्या, सामन्याच्या, पगाराच्या दिवशी संध्याकाळ कोणाबरोबर, किती वाजेपर्यंत, खर्चाला किती, हे आदल्या दिवशी ठरलेले हवे. दारू असेल तर कार्ड आणि मोबाइल कुणाकडे राहील तेही.

झोपेचे वेगळे सांगायला हवे. जागरण झालेल्या माणसाला नफा मोठा दिसतो आणि तोटा लहान, हे प्रयोगांत आढळले आहे. परीक्षेच्या काळात रात्री एकनंतर पैशांचा कोणताही निर्णय नाही, हा नियम करून ठेवा.

हिशेब एकदा कागदावर करा

१८ ऑगस्ट १९१३ ला मोंटे कार्लोच्या कॅसिनोत रूलेवर सलग २६ वेळा काळा रंग आला. 'आता लाल येणारच' म्हणत लोक लालवर लावत राहिले आणि प्रचंड हरले. चाकाला आठवण नसते. एक शून्य असलेल्या चाकावर ३७ घरे असतात आणि एका घराचे बक्षीस ३५ पट मिळते, म्हणजे लावलेली रक्कम धरून ३६ पट. हा फरक म्हणजे दर १०० मागे सरासरी २.७ जागेवरच गेलेले.

खेळांवरच्या पैजांत '१.९१' (म्हणजे १ लावून जिंकलात तर १.९१ परत) हा दर समसमान वाटतो. पण त्यात नुसते बरोबरीत राहायला १०० पैकी ५२.४ वेळा जिंकावे लागते. नाणे उडवण्यासारख्या अशा चार पैजा एकत्र जोडल्या, की १०० मागे सरासरी ८३ च परत येतात. चार जोडल्याने बक्षीस मोठे दिसते आणि तोटाही मोठा होतो. आणि हरल्यावर दुप्पट लावत जाण्याची युक्ती: १ पासून सुरू केले तर सलग सात हारींनंतर १२७ गेलेले असतात आणि आठवा डाव १२८ चा असतो, तोही १ जिंकण्यासाठी.

खेळाचे ज्ञान आहे म्हणून आपण वेगळे, असे वाटत असेल तर मागच्या सहा महिन्यांचे बँकेचे पत्रक काढून भरलेले आणि परत आलेले यांची वजाबाकी करा. आठवणीत जिंकलेले डाव राहतात, पत्रकात सगळे.

कर्ज आणि उसनवारी

एका कागदावर चार रकाने: कोणाचे, किती, कधी द्यायचे, उशीर झाला तर काय होईल. राहणे, जेवण आणि शुल्क सर्वांत वर. मग जास्त व्याजाचे. मित्रांना आता देता येत नसेल तर तारीख सांगा, आणि ती तारीख महिनाभर पुढची ठेवा. उद्याची दिली की उद्यापर्यंत जिंकायची घाई लागते. जुने फेडायला नवे कर्ज नको. विद्यापीठाच्या आर्थिक साहाय्य कक्षाकडे हप्ते बांधून मागता येतात. मित्राच्या ओळखीवर किंवा मित्राच्या नावाने घेतलेले कर्ज आधी उघड करा, ते लपून राहिले तर मैत्रीही जाते.

घरच्यांनी एकदम सगळे फेडून टाकावे का? प्रेमापोटी तसे वाटते, पण हातात एकदम आलेला दिलासा अनेकदा पुन्हा डावात जातो. द्यायचेच तर थेट देणेकऱ्याला द्यावे, आणि पैशांचा ताबा व उपचार सुरू झाल्यावर.

घसरलात तर

घसरण होऊ शकते. खरा धोका त्यानंतरच्या वाक्यात आहे: 'झाले, मोडलेच, आता काय उरले.' एका डावाचे नुकसान या वाक्याने रात्रभराचे होते. म्हणून पुढचे ७२ तास आधीच ठरवून ठेवा. पहिल्या तासात ठरलेल्या माणसाला रक्कम कळवायची. त्याच दिवशी जिथून वाट सापडली ते भोक बुजवायचे, म्हणजे राहिलेले उपकरण, नवे खाते, हाती आलेली रोकड. दुसऱ्या दिवशी नोंदवहीत त्या प्रसंगाची पूर्ण साखळी लिहायची, डावाच्या आधीच्या सहा तासांपासून. तिसऱ्या दिवशी त्या साखळीतील सर्वांत पहिला दुवा शोधून फक्त तोच बदलायचा. जिंकलात तरी हेच करा. घसरणीनंतरची जीत हारीपेक्षा महाग पडते.

खोलीत सोबत राहणाऱ्यांसाठी

जुगाराचा वास येत नाही, तोंड लालही होत नाही. दिसते ते एवढे: सतत थोडे थोडे उसने, सामन्याच्या वेळी विचित्र ताण, वस्तू गायब, रात्री अडीचला मोबाइलचा उजेड, तासिकांना दांडी. विचारताना चार लोकांत नको, आणि आरोप नको. जे पाहिले ते सांगा: 'मागच्या महिन्यात तू तीनदा पैसे घेतलेस आणि नीट झोपत नाहीस. जुगाराचे काही आहे का?' पैसे देऊ नका. जेवायला सोबत न्या, समुपदेशकाकडे पहिल्या वेळी बरोबर जा.

कर्ज आणि लाज एकत्र आल्यावर आत्महत्येचा धोका खरा असतो. 'माझ्याशिवाय सगळ्यांचे बरे होईल' अशी भाषा, निरवानिरव, अचानक आलेली शांतता दिसली तर सरळ विचारा: 'जीव द्यावा असे वाटते आहे का?' विचारल्याने ती कल्पना डोक्यात घातली जात नाही. बोलायला वाट मिळते. उत्तर 'हो' आले तर एकटे सोडू नका, इजा करता येईल अशा वस्तू दूर करा, आणि लगेच आपत्कालीन सेवा किंवा आत्महत्या प्रतिबंधक हेल्पलाइनला फोन करा. पैशांचा प्रश्न उद्या बघता येतो. हे स्वतःबद्दल वाचत असाल तर आत्ता, याच क्षणी, कुणाला तरी जवळ बोलवा.

तज्ज्ञाकडे कधी आणि कसे

पीजीएसआय ८ किंवा अधिक, एका महिन्यात दोन घसरणी, खिन्नता दोन आठवड्यांहून जास्त, किंवा खोटे बोलून पैसे घेतलेले, यांतले एकही असेल तर थांबू नका. जुगारासाठी सर्वांत जास्त तपासलेला उपचार म्हणजे विचार-वर्तन उपचारपद्धती. भावना फार उसळत असतील तर मार्शा लिनेहान यांनी विकसित केलेल्या डीबीटी (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी) या उपचारपद्धतीतील कौशल्ये जोडता येतात. वर सांगितलेला थंड पाण्याचा उपाय त्यांतलाच. काही डॉक्टर नालट्रेक्सोनसारखे औषध विचारात घेतात, पण ते त्यांच्याच देखरेखीखाली. लक्ष न लागण्याचा विकार, चिंता, खिन्नता यांची तपासणी सोबत करून घ्या; ते तसेच राहिले तर जुगार परत येतो. १९५७ मध्ये लॉस एंजेलिसला सुरू झालेल्या गॅम्बलर्स ॲनॉनिमस या, जुगार सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देणाऱ्या गटाच्या सभा अनेक देशांत होतात, ऑनलाइनही.

एक गोष्ट फार कमी जणांना ठाऊक असते. अ‍ॅरिपिप्राझोल हे मानसोपचारातले औषध आणि पार्किन्सन व अस्वस्थ पायांच्या विकारासाठी दिले जाणारे प्रामिपेक्सोल यांनी काही रुग्णांत जुगाराची तीव्र ओढ निर्माण होते. नाद औषध सुरू झाल्यानंतर लागला असेल तर डॉक्टरांना तारखांसह सांगा. औषध स्वतःहून बंद करू नका.

पहिल्या भेटीला चार गोष्टी सोबत न्या: चौदा दिवसांची नोंद, सहा महिन्यांचे बँकेचे पत्रक, कर्जाचा चार रकान्यांचा कागद आणि चालू औषधांची यादी. पहिल्या दहा मिनिटांत रक्कम सांगून टाका. ती सांगायची राहिली तर बहुतेक जण पूर्ण तास अभ्यासाच्या ताणावर बोलतात आणि तसेच उठून येतात. तोंडातून शब्द निघेनासे झाले तर कागद टेबलावर ठेवा आणि समुपदेशकाला वाचू द्या.